खरा लॅब्रडॉर कोणता?

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मी आमच्या शेवंतीला घेऊन तळजाईच्या टेकडीवर फिरावयास गेलो होतो. अर्ध्या चढावर आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ भेटले. त्यांच्या हातात साखळी होती आणि साखळीच्या टोकाला त्यांचा सुलतान पाय पसरून बसला होता. चढ त्याला झेपला नव्हता. हात हातभर जीभ बाहेर काढून तो धापा टाकीत होता. गृहस्थांनी शेवंतीकडे नखशिखांत पाहिले आणि मला म्हणाले, “सर, कुत्री गोड आहे हो तुमची, पण ही लॅब्रडॉर नव्हे. भेसळ आहे काहीतरी.”

भेसळ! दिवाळीच्या तोंडावर खव्यात भेसळ निघते, तुपात निघते; पण चार पिढ्यांची नोंद असलेल्या कुत्रीत भेसळ काढणारा अन्न-निरीक्षक मला प्रथमच भेटला. शेवंती उंच पायांची, सडपातळ, निमुळत्या तोंडाची. वजन २६ किलो. सुलतानाचे डोके घागरीएवढे, छाती पिंपासारखी, वजन ४६ किलो. दोघांचेही कागद केनेल क्लब ऑफ इंडियाचे. मग एक अस्सल आणि एक भेसळ हा न्याय कुठला? मी त्या वेळी काही बोललो नाही. शाळामास्तराला उत्तर उशिरा सुचते, आणि सुचले म्हणजे ते लांबते. वाचकांनी करंज्या खाता खाता ते ऐकून घ्यावे.

तीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला, तेव्हा आरंभ भूगोलानेच करतो. लॅब्रडॉर हा लॅब्रडॉरचा नव्हेच. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स परिसरातल्या कोळ्यांचे कुत्रे. थंडगार समुद्रात उडी टाकून जाळ्यातून निसटलेले मासे आणि दोरांची टोके ओढून आणणे हे त्यांचे काम. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या गलबतांबरोबर ते इंग्लंडच्या पूल बंदरात उतरले. जवळच राहणाऱ्या माम्सबरीच्या सरदारांनी ते बदकांच्या शिकारीसाठी पाळले, आणि पुढे १८८०च्या सुमारास त्यांच्याकडून स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याकडे काही कुत्रे गेले. आजच्या लॅब्रडॉरचे मूळ या दोन घराण्यांच्या कुत्र्यांपर्यंत नेऊन पोचवतात. ब्रिटिश केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती १९०३ साली. म्हणजे ज्या जातीच्या शुद्धतेसाठी आमचे मित्र तलवार उपसून उभे आहेत, तिचे नावही चुकीचे आणि वयही जेमतेम सव्वाशे वर्षांचे. आमच्या वाड्यातला पिंपळ तिच्याहून थोर होता.

आता हा कुत्रा करतो काय? शिकाऱ्याच्या बाजूला तो गुपचूप बसतो. बार होतो, पक्षी पडतो, आणि तो कुठे पडला हे त्याने नजरेत धरून ठेवावयाचे. शिट्टी झाली की धावावयाचे, झुडपे-काटे तुडवावयाचे, पाणी असेल तर पोहावयाचे, आणि पक्ष्याच्या पिसालाही दात न लागू देता तो धन्याच्या हातात आणून द्यावयाचा. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा झाला आणि पुढे अशी शिकार संपली, ती संपली हे बरेच झाले. पण कुत्र्याचे शरीर समजून घ्यावयाचे असेल तर त्याचा धंदा विसरून चालत नाही.

आणि धंदा पाहिला की ध्यानात येते, धंद्यालाही एकच बांधा लागत नाही. खाडीच्या गोठलेल्या पाण्यात पहाटे बदके आणावयाची तर दाट दुहेरी केस हवेत, अंगावर थोडे मांस हवे, पाणमांजरासारखी बुंध्याशी जाड शेपटी सुकाणूसारखी फिरवता यावयास हवी. उलट शेता-रानातून दिवसभर धावपळ करावयाची, कुंपणांवरून उड्या घ्यावयाच्या, तर हलका, चपळ, लांब पायांचा कुत्रा बरा. विलायतेत फील्ड ट्रायल म्हणून या कामाच्या स्पर्धा होतात. त्यांत वेगाला मान, म्हणून त्या घराण्यांतले कुत्रे सडसडीत झाले. प्रदर्शनाच्या रिंगणात मात्र धावावयाचे नसते. उभे राहावयाचे असते. तेथे डोळ्यांत भरेल ते जिंकते, आणि डोळ्यांत भरते ते भरदार. जो जिंकतो त्याच्याकडे माद्या जातात, आणि पुढच्या पिढीचे डोके बोटभर रुंद होते. यात कोणाचे कारस्थान नाही. दोन वाटांनी निवड होत राहिली, आणि एका आईची लेकरे चुलत भावंडांसारखी दिसू लागली.

पूर्वी या दोन वाटा एवढ्या फाकलेल्या नव्हत्या. बँकरी बोलो नावाचा एक काळा कुत्रा पहिल्या महायुद्धानंतर रिंगणातही अजिंक्य ठरला आणि रानातही. अशी दुहेरी पदवी मिळवणारा तो पहिला लॅब्रडॉर. ब्रिटनमध्ये शिकारी जातीच्या कुत्र्याला तेव्हा नुसत्या देखणेपणावर ‘चॅम्पियन’ म्हणवून घेता येत नसे, कामाची थोडीबहुत परीक्षा द्यावी लागे. १९५८ साली ‘शो चॅम्पियन’ ही वेगळी पदवी निघाली आणि देखण्यांची सोय झाली. परीक्षेला न बसता पदवी देण्याचा हा प्रकार आम्हां मास्तर लोकांना काही नवीन नाही!

आपल्याकडे तर आणखी एक गंमत. पिल्ले विकणारे सांगतात, “सर, ही ब्रिटिश लाइन, ती अमेरिकन लाइन.” म्हणजे गुबगुबीत तो ब्रिटिश आणि किडकिडीत तो अमेरिकन. अहो, ब्रिटनमधल्या फील्ड ट्रायलचे कुत्रे पाहिलेत का कधी? आमच्या शेवंतीपुढे ते कुपोषित वाटतील. दोन्ही ठाण दोन्ही देशांत आहेत. पण जाहिरातीत भूगोल चालत नाही. ‘हेवी बोन’, ‘बिग हेड’, ‘शो क्वालिटी’ एवढे तीन मंत्र म्हटले की किंमत दुप्पट.

बरे, शास्त्र काय सांगते तेही पाहू. ब्रिटिश केनेल क्लबच्या वर्णनात नराची उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, मादीची ५५ ते ५६. वजनाचा आकडा तेथे नाही. पण कुत्रा मजबूत आणि अतिशय चपळ असावा, आणि म्हणूनच त्याच्या अंगावर फाजील वजन किंवा फाजील भरीवपणा चालणार नाही, असा खुलासा त्यात मुद्दाम केलेला आहे. अमेरिकन वर्णनात वजनही आहे: नर ६५ ते ८० पौंड, मादी ५५ ते ७०. किलोंत सांगावयाचे तर मादी २५ ते ३२, नर फार तर ३६. आमची ‘भेसळ’ या हिशेबात बसते. ४६ किलोंचा सुलतान मात्र शास्त्राच्या दहा किलो बाहेर उभा आहे.

येथे मला माझ्या पक्षाचीही कानउघाडणी केली पाहिजे, नाही तर ही वकिली होईल. कामाच्या घराण्यांतले कुत्रे सगळे गुणाचे पुतळे नसतात. वेगाच्या नादात काहींचे केस विरळ झाले, शेपटी चाबकासारखी झाली. थंड पाण्यात ते कुडकुडतात. आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात असा कुत्रा म्हणजे कोंडून ठेवलेले वादळ. शेवंतीने पहिल्या वर्षी आमची एक सतरंजी, दोन चपला आणि एक ज्ञानकोशाचा खंड फस्त केला. उलट सुलतानाच्या ठेवणीचे कित्येक कुत्रे स्वभावाने शांत, मुलांत रमणारे. ज्याला जे मानवते त्याने ते पाळावे. माझे भांडण भरदार कुत्र्याशी नाहीच. आपल्या घरी आहे तेवढाच खरा आणि बाकीचे भेसळ, या बोलण्याशी आहे. आणि त्याहून अधिक, चरबीला ‘हाड’ म्हणण्याशी आहे.

कारण हे हाड नव्हे, चरबी आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की सुमारे पाव हिस्सा लॅब्रडॉरांच्या एका जनुकात एक तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे त्यांना भूक आवरत नाही. त्याच मंडळींनी २०२४ साली असेही सांगितले की असे कुत्रे विश्रांतीच्या वेळी शक्तीही कमी खर्च करतात. म्हणजे आवक जास्त, जावक कमी. तुमच्याकडे करुण डोळ्यांनी पाहणारा लॅब्रडॉर ढोंग करीत नसतो, त्याला खरोखरच भूक लागलेली असते. पण ती भागवणे त्याच्या हिताचे नसते. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न जन्मभर दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. दोन वर्षे! बारा वर्षांच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे काय, हे ज्याने म्हातारे कुत्रे उचलून जिना उतरवले आहे त्याला विचारा.

मी उतरवले आहे. शेवंतीच्या आधी आमच्याकडे ‘मोती’ होता, तोही सुलतानासारखाच. लोक वाटेत थांबून “काय भरदार आहे!” म्हणत, आणि मी मूर्खासारखा फुलून येई. आमची मंडळी त्याला रोज साजूक तुपाची पोळी भरवीत, आणि मी त्यांना अडवले नाही. शेवटची दोन वर्षे त्याचे मागचे पाय उठत नव्हते. तेव्हा सुलतानाच्या धन्याला शिकवण्याचा अधिकार मला किती, हा प्रश्न आहेच. पण मार खाल्लेल्यानेच बोलावे.

आमचे शेतकरी यापेक्षा शहाणे. खिल्लार बैलाची जात एक, पण आटपाडी महल, म्हसवड, हणम, तापीकाठचा थिल्लारी असे तिचे किती प्रकार! रंग वेगळा, अंग वेगळे. (त्यांतल्या एकाला ‘नकली’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, विरोधकांनी उड्या मारू नयेत. त्यालाही खिल्लारच म्हणतात.) खरसुंडीच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाला चालवून पाहतो, खूर पाहतो, दात पाहतो. बसल्या जागी धापा टाकणाऱ्या बैलाला तेथे पट्टा कोणी बांधीत नाही. आणि मुंबईच्या पोलिसांचा जंजीर? १९९३च्या बाँबस्फोटांच्या वेळी त्या लॅब्रडॉरने ३,००० किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हुंगून काढले. २००० साली तो वारला तेव्हा शहराने त्याला मानवंदना दिली. त्याच्या कवटीची रुंदी कोणी मोजल्याचे ऐकिवात नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या भागात श्वानप्रदर्शन भरावयाचे आहे. मी संयोजकांपैकी एकांना गाठले आणि दोनच गोष्टी सुचवल्या: रिंगणाच्या दाराशी एक वजनकाटा ठेवा, आणि प्रत्येक लॅब्रडॉरला परीक्षकांपुढे उभा करण्यापूर्वी मैदानाला चार फेऱ्या धावू द्या, मग ज्याचा श्वास ठिकाणावर असेल त्याचे डोके मोजा. ते चहा पिता पिता थांबले, माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “सर, असं केलं तर कुत्री आणणार कोण?”