लेखकाचा हक्क आणि वाचकाची सोय

परक्याच्या घरातील पुस्तक न विचारता उचलून नेणे ही चोरी होय, हे शाळकरी मुलासही समजते. परंतु त्याच पुस्तकाची सगळी पाने मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपून शे-दीडशे परिचितांना धाडून देणारा सुशिक्षित गृहस्थ स्वतःला ज्ञानाचा प्रसारक समजतो. पहिल्या कृत्याची लाज वाटते, दुसऱ्याचे कौतुक होते. स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा, भंग आपल्याकडे सर्रास होतो तो बहुतांशी या वैचारिक गोंधळातून.

भारतातील स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा असून तो जानेवारी १९५८ पासून अमलात आला. या हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. कृती लिहून झाली की हक्क निर्माण होतो. मात्र कायदा संरक्षण देतो ते कल्पनेला नव्हे, तिच्या आविष्काराला. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्यातील वादाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे तत्त्व स्पष्ट केले. कल्पना, विषय किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचीही मालकी असू शकत नाही. शिवचरित्रावर हव्या तितक्या लेखकांनी कादंबऱ्या लिहाव्यात. एकाने दुसऱ्याची मांडणी व वाक्ये उचलली, की तेथे हक्कभंगास प्रारंभ होतो.

पदपथावर बनावट आवृत्त्या विकणारा आपण काय करतो हे पुरते जाणतो. सामान्य माणूस मात्र दोन-तीन समजुतींच्या आधाराने निर्धास्त असतो. मूळ लेखकाचे नाव छापले म्हणजे भागले, ही त्यांतील पहिली. नामनिर्देश हे सौजन्य आहे. ते परवानगीची जागा घेऊ शकत नाही. परभाषेतील कथेचा अनुवाद प्रसिद्ध करण्यासही मूळ हक्कदाराची संमती लागते. दुसरी समजूत अशी, की पैसे घेतले नाहीत म्हणजे गुन्हा नाही. अनधिकृत प्रतींचे वाटप हक्कदाराच्या हिताला बाध येईल इतक्या प्रमाणावर झाले, तर ते फुकट असले तरी कायद्याच्या दृष्टीने हक्कभंगच ठरते. जाणूनबुजून केलेल्या भंगास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

असे असले तरी कायदा वाचकाचा वैरी नाही. खासगी अभ्यास, संशोधन, टीका वा परीक्षण यांसाठी केलेला उचित वापर त्याला मान्य आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला नाट्यप्रयोगही तो हक्कभंग मानीत नाही. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींनाही सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानावर आणि खुद्द विद्यापीठावर २०१२ साली तीन विदेशी प्रकाशन संस्थांनी दावा लावला, तो याच सवलतीच्या अर्थावरून. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु अध्यापनाच्या हेतूने समर्थनीय ठरेल इतपतच नक्कल करता येईल, ही मर्यादाही घालून दिली. वर्गासाठी एखादे प्रकरण काढणे वेगळे आणि संपूर्ण पुस्तकाच्या प्रती काढून विकणे वेगळे, हा विवेक शिक्षकाने सोडता कामा नये.

या प्रश्नाचे मूळ पुस्तकाच्या अर्थकारणात आहे. पहिली प्रत सिद्ध होण्यास लेखकाची वर्षे आणि प्रकाशकाचे भांडवल खर्ची पडते. त्यानंतरची प्रत मात्र झेरॉक्स यंत्रावर अल्प खर्चात आणि मोबाइलवर जवळजवळ फुकट निघते. समजा, एका संदर्भग्रंथाच्या हजार प्रती निघाल्या, किंमत तीनशे रुपये आणि लेखकाचे मानधन दहा टक्के. सारी आवृत्ती खपली तरी काही वर्षांच्या श्रमाबद्दल लेखकाच्या हाती तीस हजार रुपये पडणार. त्यातील दोनशे संभाव्य ग्राहकांना फुकट प्रत मिळाली, तर लेखकाचे सहा हजार बुडतात. पण त्याहून मोठी हानी ही, की प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचार सोडून देतो. मोठ्या भाषेतील मोठी प्रकाशन संस्था असा तोटा पचवू शकते. मराठीतील कोश, अनुवाद, शास्त्रीय ग्रंथ यांना तो पचत नाही, आणि न निघालेल्या पुस्तकाबद्दल कोणी हळहळतही नाही.

हक्कदारांची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे, असेही नाही. हक्काची मुदत पूर्वी लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपुष्टात येत असताना, १९९२ च्या दुरुस्तीने, ती साठ वर्षे करण्यात आली. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभी सर्वांना खुली झाली आणि ‘श्यामची आई’ आता कोणीही छापू शकतो. परंतु अनेक लेखकांची पुस्तके हक्काच्या मुदतीत असूनही वर्षानुवर्षे दुकानांत मिळत नाहीत. हक्कदार पुस्तक छापीत नाही आणि इतरांना छापू देत नाही, अशा वेळी वाचक झेरॉक्सकडे वळला तर सारा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

तेव्हा प्रकाशकांनी पुस्तके स्वस्त आवृत्तीत वा डिजिटल स्वरूपात उपलब्ध ठेवावीत आणि परवानगीची पद्धत सुलभ करावी. गरीब विद्यार्थ्याची सोय पाहणे हे ग्रंथालयांचे व शासनाचे काम आहे. तिचा खर्च एकट्या लेखकाच्या खिशातून काढणे न्याय्य नव्हे. आणि ज्याला पुस्तक विकत घेणे परवडते, त्याने मोबाइलवर आलेली फुकट प्रत पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कायद्याचा शिपाई प्रत्येक घरात पोहोचणार नाही; हे काम वाचकाच्या सदसद्विवेकानेच करावयाचे आहे.