शुभवर्तमान कोणते?



नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कारखान्यांच्या कडेने ज्या वस्त्या उभ्या आहेत, त्यांत आपली पुष्कळ कुटुंबे राहतात. त्याच गल्ल्यांतून ख्रिस्ती प्रार्थनासभाही भरतात. घरात दुखणे आले, घरच्या कर्त्याचे काम सुटले, की शेजारचा एखादा ख्रिस्ती गृहस्थ सहानुभूतीने येतो आणि सभेला चला म्हणून आग्रह करतो. अशा वेळी नवदीक्षित कुटुंबांत दोन प्रकारची वागणूक दृष्टीस पडते. कोणी त्याला दारातूनच परत लावतात, तर कोणी निमूटपणे त्याच्या मागून जातात. दोन्हींत विचाराचा भाग थोडाच आहे. ज्याने स्वतःचा धर्म विचारपूर्वक बदलला, त्याने शेजाऱ्याचा धर्मही विचारपूर्वकच समजून घेतला पाहिजे. तेव्हा त्या गृहस्थाला आदराने बसवावे, चहा द्यावा आणि विचारावे, ‘आपण शुभवर्तमान सांगता, ते कोणते?’

हा प्रश्न खोडसाळपणाचा नव्हे. शुभवर्तमान या नावाची पुस्तकेच मुळी चार आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी ती ओळखली जातात, आणि चौघांचे सांगणे जागोजागी भिन्न आहे. लूकच्या पुस्तकात येशू आपल्या नासरेथ गावच्या सभास्थानात उभा राहतो आणि जुन्या संदेष्ट्याचा लेख वाचून सांगतो की, दरिद्र्यांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि चिरडलेल्यांना मोकळीक देण्यासाठी आपल्याला पाठविले आहे. याच पुस्तकात तो गरिबांना धन्य म्हणतो आणि लगेच पुढे श्रीमंतांना धिक्कारतो. मत्तयाच्या पुस्तकात हीच धन्यता येते, पण तेथे ‘आत्म्याने’ हा एक शब्द अधिक आहे. श्रीमंतांवरील धिक्कार तेथे नाही. उपाशी माणसाला कोणते वचन ऐकविले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते. एका शब्दाने पोटाची भूक मनाची भूक होऊन बसते!

नंतर येतो पौल. त्याच्या पत्रांतील शुभवर्तमानाचा गाभा निराळा आहे. ख्रिस्त आपल्या पापांकरिता मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. यावर जो विश्वास ठेवील तो कर्मांनी नव्हे तर कृपेने तरेल, असे तो शिकवितो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तर आपण सांगितले त्याहून वेगळे शुभवर्तमान सांगणाऱ्याला तो शाप देतो. म्हणजे वेगळे शुभवर्तमान सांगणारे त्याच काळात होते, हे उघड आहे. त्याच पत्रात दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही, असेही पौल लिहितो, आणि ते वाक्य थोर आहे. परंतु फिलेमोनाचा पळालेला दास हाती लागला तेव्हा त्याने त्याला धन्याकडेच परत पाठविले. त्याला भाऊ म्हणून स्वीकार, असे सोबतच्या पत्रात लिहिले खरे. पण दास्याची प्रथाच अन्यायाची आहे, असे मात्र लिहिले नाही.

याकोबाचे पत्र याच्या समोरच उभे आहे. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे तो म्हणतो. सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांत आलेल्या गरिबाला पायाशी बसण्याची आज्ञा, असा भेद करणाऱ्यांना तो खडसावून विचारतो. शेतमजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असेही तो लिहितो. गावकुसाबाहेर ज्यांच्या आजोबांनी दिवस काढले, त्यांना हे पत्र समजावून सांगावे लागणार नाही. मार्टिन लूथरने मात्र 1522 मध्ये याच पत्राला गवतासारखे हलके ठरविले होते.

ही भिन्नता केवळ पोथीतली नाही. ती आपल्या महाराष्ट्रात एका स्त्रीने स्वतः अनुभवली. पंडिता रमाबाईंना सिल्चर येथे लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी करीत असलेली सेवा त्यांनी पाहिली आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांचे गुरुजनांशी तीव्र मतभेद झाले. इतके पंथ, आणि प्रत्येकाचे सांगणे वेगळे, हे पाहून आपण गोंधळून गेलो, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त नंतर मिळाला, असाही त्यांचा अनुभव होता. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जी धार्मिक जागृती झाली, ती तर आणखी निराळ्या वळणाची. त्यांचा निष्कर्ष आपणांस मान्य होण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याने सांगितले म्हणून मानले, असे या बाईंनी केले नाही; हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले. आपल्यापैकी कितीजणांनी पाली भाषेची तोंडओळख तरी करून घेतली आहे?

आज वस्तीतल्या सभेत बहुधा जे ऐकू येते, ते लूकचे नसते, याकोबाचे तर नसतेच. ते असते चमत्काराचे शुभवर्तमान: हात ठेवला की रोग जातो, दान दिले की धंदा वाढतो. पुष्कळ ख्रिस्ती धर्मपंडितच याला भ्रष्ट शिकवण म्हणतात, हे सांगितले पाहिजे. येथे मात्र सौजन्य बाजूला ठेवून बोलावे. क्षयाचे औषध साधारण सहा महिने नेमाने घ्यावे लागते. प्रार्थनेच्या भरवशावर ते मध्येच सोडले तर रोग औषधालाही दाद देईनासा होतो. वाशीला महापालिकेचे रुग्णालय आहे. तेथे आधी जावे. प्रार्थना ज्याला करावयाची त्याने नंतर करावी. आणि हा दोष ख्रिस्ती सभांचाच आहे असे मानून कोणी फुशारकी मिरवू नये. बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणणाऱ्या घरांतही मुलांच्या गळ्यात ताईत दिसतातच.

परमपूज्य बाबासाहेबांनी याविषयी काय म्हटले, हेही आठवावे. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधले, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आणि दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने सुनावले. पुढे 1950 मध्ये त्यांनी फरक नेमका दाखविला: येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हणविले आणि ते मानणे ही तारणाची अट ठेविली; बुद्धाने अशी अट घातली नाही, तो मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे. शेजाऱ्याच्या शुभवर्तमानाशी आपला मतभेद येथे आहे. लूकच्या दरिद्र्यांबद्दल तो नाही.

आता हक्कांविषयी. 1950 च्या अनुसूचित जातींसंबंधीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र त्यातून वगळले गेले. ज्या कुटुंबात कोणी बाप्तिस्मा घेण्याच्या विचारात असेल, त्याने हे आधी जाणून घ्यावे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती आचार पाळून केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणविणाऱ्याचा दावा फेटाळला आहे. परंतु तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील ज्या महार व मांग कुटुंबांनी अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती धर्म पत्करला, त्यांची जात गावाने विसरली काय? 1956 पासून 1990 पर्यंत चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी आपण जे भोगले, तेच ते भोगीत आले. 2007 मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला. ख्रिस्ती दलितांच्या या मागणीला आपल्या विहारांतून आणि मंडळांतून जाहीर ठराव करून पाठिंबा द्यावा, असे मी आपणांस सुचवितो. त्यासाठी त्यांच्या सभेला जाऊन डोळे मिटण्याची आवश्यकता नाही.