धारूरच्या जंग्या आणि ‘विध्वंसक’: अभिमान नेमका कशाचा?

१/ ‘विध्वंसक’ या भारतीय बनावटीच्या लांब पल्ल्याच्या रायफलीचा विषय निघाला की एक दावा हटकून ऐकू येतो: “हे तर आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच होते!” माझ्या मते हा दावा अर्धा खरा आहे, आणि उरलेला अर्धा आपली दिशाभूल करतो.

२/ आधी खरा भाग. बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान लारीने १५६७ च्या सुमारास बांधला. १६३०-३१ च्या मोहिमेत आझमखानाच्या मोगल फौजेने तो जिंकला. अशा किल्ल्यांच्या तटात ठेवलेली तिरकी छिद्रे, म्हणजे जंग्या, केवळ साध्या बंदुकीसाठी नव्हत्या.

३/ बंदूक आणि तोफ यांच्या मधले एक हत्यार त्या काळी होते. तटावर टेकवून डागायची लांब, जड नळीची बंदूक म्हणजे जेजाला. उंटाच्या खोगिरावर बसवलेली फिरती नळी म्हणजे जंबुरक किंवा शुतरनाळ. १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या जंबुरकांनी काय केले, हे आपण जाणतोच.

४/ या हत्यारामागची गरज सोपी होती. बंदुकीची गोळी पोहोचत नाही आणि तोफ चटकन हलवता येत नाही, अशा अंतरावरचा मोर्चा किंवा दमदमा निकामी करणे.

५/ हीच गरज युरोपात पुन्हा उद्भवली. १९१६ मध्ये रणगाडा अवतरला. उत्तरादाखल जर्मनीने १९१८ मध्ये माउझरची १३.२ मिलिमीटरची, सुमारे १६ किलो वजनाची रायफल आणली. पुढे रणगाड्यांचे चिलखत जाड झाले आणि दुसऱ्या महायुद्धातच ही जात निरुपयोगी ठरू लागली.

६/ ती परतली नव्या लक्ष्यांसाठी: रडार, उभी विमाने, हलकी वाहने, दारूगोळ्याचे साठे, न फुटलेले बॉम्ब. म्हणूनच तिला साहित्यभेदी म्हणायचे. तिची थोरवी “किती मीटरवरून माणूस टिपला” यात मोजणे म्हणजे तिचे प्रयोजनच विसरणे होय.

७/ आता दिशाभूल करणारा भाग. जेजाल्यापासून ‘विध्वंसक’पर्यंत कारागिरीची अखंड परंपरा नाही. कारगिलच्या सुमारास भारताने अशी रायफल दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीकडून घेतली. लाचखोरीच्या आरोपांवरून २००५ मध्ये तो व्यवहार थांबला. त्यानंतर तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीची ‘विध्वंसक’ पुढे आली.

८/ तिची रचना पाहा. नळी, बोल्ट, मॅगझिन आणि दुर्बीण बदलली की तीच रायफल १२.७, १४.५ किंवा २० मिलिमीटरची होते. पहिल्या दोन्हींचा परिणामकारक पल्ला १८०० मीटर, तिसरीचा १३००. धक्का खांद्याने एकट्याने सोसायचा नसतो. नळी आणि यंत्रणा सांगाड्यात मागे सरकून तो शोषून घेतात. सीमा सुरक्षा दल ती वापरते.

९/ मग जेजाल्याशी तिचे नाते कोणते? वंशाचे नव्हे, गरजेचे. लक्ष्य मजबूत झाले आणि दूर गेले की हे मधले हत्यार जगात कुठेही पुन्हा जन्म घेते. “आम्ही आधी केले” म्हटल्याने मधली पोकळी झाकली जाते. आणि विकत घेतलेले शस्त्र एका वादाने हातचे कसे जाते, हा २००५ चा धडाही झाकला जातो.

१०/ म्हणून, मित्रांनो, धारूरला जाल तेव्हा तटावर केवळ छायाचित्र काढून परतू नका. एका जंगीतून डोकावा. तिचा कोन, तिची उंची, तिच्यातून दिसणारी जमीन टिपून ठेवा. ती जंगी हाच आपला दस्तऐवज आहे. ढासळली की तो पुन्हा वाचता येणार नाही.