न विचारलेले दुखणे

पोटाच्या तक्रारीने बेजार झालेली स्त्री दवाखान्यात जाते, तेव्हा काय खाल्ले, शौचास किती वेळा झाले, एवढे विचारून गोळ्या दिल्या जातात. या दुखण्याने तिच्या संसारावर काय परिणाम केला, हे सहसा कोणी विचारीत नाही. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या विकारात नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा असतो.

या विकारात आतड्यांना जखम होत नाही, नेहमीच्या तपासण्या निर्दोष येतात आणि त्यातून कर्करोगही उद्भवत नाही. परंतु पोटात कळा, फुगारा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, हे चक्र वर्षानुवर्षे चालते. मेंदू व आतडी यांच्यातील संदेशांचा मेळ बिघडणे हे त्याचे एक प्रमुख कारण. मासिक पाळीच्या दिवसांत त्रास बहुधा वाढतो. अशा अनेक स्त्रियांना समागमाच्या वेळी वेदना होतात, इच्छा मंदावते, ऐनवेळी शौचाची घाई होईल या धास्तीने पतीचा सहवासही नकोसा होतो. पती त्यास दुरावा समजतो, घरची मंडळी नखरे म्हणतात. शिरगावच्या लईराईची जत्रा असो वा पेडण्याची पुनव, गर्दीत शौचालय कोठे मिळणार या भीतीने ती घरीच राहते.

अनेक देशांत हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. भारतीय पोटविकारतज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत मात्र रुग्णांत पुरुषच अधिक होते. यावरून आपल्या स्त्रिया या व्याधीपासून मुक्त आहेत असे मानणे धाडसाचे ठरेल. त्यांतील कित्येकजणी दवाखान्यापर्यंत पोचतच नसाव्यात.

गोव्याला या बाबतीत एक धडा पूर्वीच मिळालेला आहे. बार्देशातील हळदोणे परिसरात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरील ताण व घरातील जाच यांच्याशी अधिक असल्याचे तीत दिसून आले. शरीराच्या तक्रारीमागे संसाराची कहाणी असते, ती ऐकून घेणे हाही उपचाराचाच भाग होय.

यास्तव पेडणे व डिचोली येथील सरकारी आरोग्यकेंद्रांत आठवड्यातून एक ठरावीक दिवस स्त्री डॉक्टर, बंद खोली आणि समुपदेशक यांची सोय व्हावी, अशी आमची मागणी आहे. एवढ्यासाठी बांबोळी गाठायची, तर गरीब घरातील स्त्रीचा दिवस मोडतो. इसबगोल, आहारातील विचारपूर्वक बदल, अल्प मात्रेतील औषधे, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि समुपदेशन यांनी पुष्कळांना आराम पडतो. मात्र शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, पंडुरोग, रात्री झोपमोड करणारी कळ किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला त्रास असल्यास सखोल तपासणी अटळ आहे. समागमातील वेदनेमागे गर्भाशयाचे वा अंडाशयाचे विकारही असू शकतात, हे विसरता कामा नये.

लाज सोडून बोला, असा उपदेश स्त्रियांना करणे सोपे आहे. पहिला प्रश्न विचारण्याचे कर्तव्य डॉक्टरांचे आहे, आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घेण्याचे पतीचे.