जिल्ह्याची सरासरी, तालुक्याचे दुखणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ साली सुरू झाले. त्यातून जिल्हावार आकडे मिळू लागले ते मात्र २०१५-१६ च्या फेरीपासून. २०१९-२१ मध्ये देशातील ७०७ जिल्ह्यांत सुमारे ६ लाख ३७ हजार घरांची पाहणी झाली, म्हणजे जिल्ह्यामागे साधारण नऊशे घरे. जिल्ह्याच्या अंदाजाला ती पुरतात. पण साताऱ्याचे तालुके अकरा. एकेकाच्या वाट्याला जेमतेम ऐंशी! मग माण आणि कऱ्हाड, सांगलीकडे जत आणि वाळवा एकाच सरासरीत कोंबले जातात. जतच्या वाडीवरची रक्तक्षयी बाळंतीण त्यात कुठे दिसणार? आशाताईंच्या वहीत ती असते. अशा नोंदी सर्वेक्षणाशी ताडून तालुक्याचा अंदाज बांधता येतो. जिल्हा परिषदांनी तो बांधावा आणि पोषणाचा निधी वाटण्यापूर्वी जाहीर करावा.