धूम्रपानबंदी : गिऱ्हाइकाच्या आधी कामगारासाठी

बारमध्ये दारू चालते, मग सिगारेट का चालू नये? पैसे ज्याचे त्याचे, छाती ज्याची त्याची. सरकारला यात पडायचं कारण काय? धूर सोसत नसेल त्याने त्या बारची पायरी चढू नये. कर्जत-खालापूर पट्ट्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या परमिट रूमपासून नेरळ-कर्जतच्या रिसॉर्टांपर्यंत, धूम्रपानबंदीचा विषय निघाला की विरोधकांचं म्हणणं साधारण असंच असतं. ते बिनतोड वाटतं, कारण त्यात दोनच माणसं धरलेली असतात : ओढणारं गिऱ्हाईक आणि न ओढणारं गिऱ्हाईक. दोघंही मर्जीने आलेली आणि तासा-दोन तासांत उठून जाणारी. तिसरा माणूस या हिशेबात नाही. टेबलावर क्वार्टर आणि चखणा आणून ठेवणारा, रिकाम्या प्लेटीतली थोटकं उचलणारा वेटर दुपारी कामाला लागतो आणि रात्री उशिरा शटर पडल्यावर सुटतो. आठवड्यातले सहा दिवस, कित्येकदा सातही, तो तीच हवा छातीत घेतो. बंदीचं खरं समर्थन त्याच्याकडे पाहिल्याशिवाय करता येत नाही, आणि त्याला चर्चेत आणलं की वरच्या युक्तिवादात काही उरत नाही.

मुळात ही बंदी नवी नाही. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. न ओढणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराचा बळी का व्हावं लागावं, हा प्रश्न न्यायालयाने घटनेच्या २१व्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला. सरकारी कचेऱ्यांत त्याला कोटपा म्हणतात. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची ठिकाणं, कॅन्टीन, पब आणि बार हे सगळं सार्वजनिक जागेच्या व्याख्येत घेतलं. तंबाखू कंपनी आणि हॉटेलवाले न्यायालयात गेले, तिथे स्थगिती मिळाली नाही. तेव्हा ‘बंदी आणावी का’ हा वाद कायद्यापुरता केव्हाच निकालात निघालेला आहे. आता वाद आहे तो ती पाळावी का, आणि तिच्यातल्या पळवाटा ठेवाव्यात का, याचा.

‘नको असेल त्याने येऊ नये’ हे वेटरला लागू पडत नाही. या दोन तालुक्यांत फार्महाऊस आणि रिसॉर्टं वाढली तशी आसपासच्या वाड्या-पाड्यांवरची ठाकूर-कातकरी मुलं, गावांतले बेरोजगार तरुण आणि परप्रांतातून आलेले आचारी-वेटर या धंद्यात शिरले. भाताचं एक पीक निघालं की हातात दुसरं काही नसलेल्या घरातल्या मुलाला ‘धूर सोसत नसेल तर दुसरी नोकरी बघ’ हे सांगणं म्हणजे पगार आणि फुफ्फुस यांतलं एक निवड, असं सांगणं आहे. कारखान्यात संरक्षक जाळी नसलेल्या यंत्रावर हात गमावलेल्या कामगाराला ‘तू इथे यायचं नव्हतंस’ असं आज कुणी म्हणत नाही. हॉटेलातल्या कामगाराला ते अजून म्हटलं जातं. शिवाय टिप देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ‘साहेब, सिगारेट विझवा’ म्हणू शकत नाही. रेल्वे कायद्याच्या १६७व्या कलमात हीच उणीव होती : डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करायचं नाही. म्हणजे तोंड उघडण्याचा भार ज्याला त्रास होतो त्याच्यावर. २००८च्या नियमांनी हा भार मालक-व्यवस्थापकावर टाकला. साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक त्याने लावायचा, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव फलकावर लिहायचं, ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर पुरवायचे नाहीत. कायद्यातलं सगळ्यात न्यायाचं कलम मला हेच वाटतं, आणि पाळलं जात नाही तेही हेच.

धुराने इतकं होतं का, हा पुढचा आक्षेप. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी ९१ हजारांहून अधिक न ओढणाऱ्या विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षं पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये दाखवून दिलं की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पुढे दुसऱ्याच्या धुराला थेट कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं. पण आपल्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा पुरावा आयर्लंडचा आहे. २९ मार्च २००४ रोजी त्या देशाने पबसकट सगळ्या कामाच्या जागा धूरमुक्त केल्या. स्वतः न ओढणाऱ्या बार-कर्मचाऱ्यांच्या लाळेतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात गेलेल्या निकोटिनची खूण, बंदीनंतर ८० टक्क्यांनी उतरलं. शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती, तिथे ते २० टक्केच उतरलं. स्कॉटलंडमध्ये २००६च्या बंदीनंतर नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली, आणि कधीच न ओढलेल्यांमध्ये ही घट २१ टक्के होती. ज्यांनी सिगारेट हातातही धरली नव्हती त्यांना सर्वाधिक लाभ झाला.

‘ते थंड देशांतले बंदिस्त पब; आमचे ढाबे उघडे, वर पत्रा, चारी बाजूंनी वारा,’ असं यावर सांगितलं जातं. उन्हाळ्यात ते थोडंफार खरं आहे. पण इथला हंगाम कोणता? भिवपुरीचा धबधबा, खोपोलीचा झेनिथ धबधबा, ढगात बुडालेलं माथेरान, यांच्यासाठी मुंबई-पुण्याची गर्दी लोटते ती जून ते सप्टेंबरमध्ये. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात तेव्हा झड आडवी येते, म्हणून शेडच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक बांधलेलं असतं. आत ओली माणसं, भट्टीची वाफ आणि सिगारेटचा धूर एकत्र कोंडतात. गर्दी सर्वांत जास्त तेव्हाच हवा सर्वांत कमी. वातानुकूलित परमिट रूममध्ये तर बारा महिने हेच असतं, कारण भिंतीवरचं यंत्र खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतं. एग्झॉस्ट पंखा वास कमी करतो, धोका नाही. हे डॉक्टरांनीच नव्हे, खुद्द वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲशरे या अमेरिकी संघटनेने २००५ मध्ये मान्य केलं : बंदिस्त जागेतल्या हवेतला हा धोका घालवायचा एकच खात्रीचा मार्ग, आत धूम्रपान होऊ न देणं.

खालापूर तालुक्यात आणखी एक आक्षेप ऐकू येतो आणि तो टाकाऊ नाही. खोपोलीचे पोलादाचे कारखाने, रसायनी-पाताळगंगेची रासायनिक वसाहत, द्रुतगती मार्गावरच्या ट्रकांचा धूर; एवढं छातीत जात असताना एका बिडीचं काय घेऊन बसलात? हवेच्या प्रदूषणाबद्दलचा राग रास्त आहे आणि त्याची दाद लागलीच पाहिजे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. अमेरिकेतल्या ॲस्बेस्टॉस कामगारांच्या अभ्यासात, न ओढणाऱ्या सामान्य माणसाच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटने सुमारे दहापट आणि दोन्हींनी मिळून पन्नासपटीच्या घरात गेला होता. सगळ्याच रसायनांचं गणित असं नसेल, पण कामावर आधीच धूळ-वाफ खाणाऱ्या माणसाला आणखी धूर सोसायला लावण्याचं समर्थन यातून नक्कीच होत नाही.

आणि रसायनाच्या कारखान्याच्या गेटवर काय होतं ते पाहा. पाळीवर येणारा कामगार बिडी, काडेपेटी, लायटर तिथे काढून ठेवतो, वॉचमन खिसे चाचपतो, मगच माणूस आत जातो. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३७व्या कलमाने ज्वालाग्राही वायू आणि धुळीजवळ ठिणगीची शक्यताही न ठेवण्याचा दंडक घातला. या शिस्तीविरुद्ध व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा कुणी मालकाने किंवा कामगाराने काढलेला नाही, कारण सॉल्व्हंटची टाकी पेटली तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक आहे. माल आणि यंत्र वाचवायला जी बंदी बिनबोभाट पाळली जाते, ती त्याच आवारातल्या कचेरीत, कॅन्टीनमध्ये, किंवा दोन मैलांवरच्या बारमध्ये माणसाची छाती वाचवण्यासाठी मागितली की तिला दडपशाही म्हणायचं, यातली विसंगती विरोधकांनी एकदा समजावून सांगावी. टाकी एका क्षणात पेटते आणि फुफ्फुस वीस वर्षांनी, एवढाच फरक आहे.

‘महाराष्ट्राचा रोग ओढण्याचा नाही, चघळण्याचा आहे’ असंही म्हटलं जातं. आकडे याला दुजोरा देतात : २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे आणि ३.८ टक्के ओढणारे निघाले. मिसरी, चुना-तंबाखू यांविरुद्ध लढाई मोठी आहे आणि ती लढायलाच हवी. मात्र चघळणाऱ्याचा कर्करोग त्याच्याच तोंडात होतो. ओढणारा शंभरात चार असेल, तरी बंद खोलीतले उरलेले शहाण्णव त्याच्याबरोबर ओढतात. त्याच सर्वेक्षणात देशभरात बंदिस्त जागी काम करणाऱ्या दर दहांपैकी तिघांनी कामावर दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असं सांगितलं. चार टक्क्यांच्या सवयीपायी इतक्यांनी सोसावं, याला कुठला न्याय म्हणायचा?

धंदा बसेल ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. महामार्गावरच्या छोट्या मालकाचं पोट गिऱ्हाइकावर आहे. पण निरनिराळ्या देशांतले अभ्यास तपासून त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये निष्कर्ष काढला की धूरमुक्तीने हॉटेल-बारच्या धंद्यात एकूण घट होत नाही. नुकसान होतं ते अर्धवट अंमलबजावणीने. एकाने नियम पाळायचा आणि पलीकडच्याने ॲश-ट्रे मांडून त्याचं गिऱ्हाईक पळवायचं, हे आज चालतं. बंदी सरसकट झाली तर प्रामाणिक मालकच सुटेल.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : कायदा गरिबाला धरतो, श्रीमंताला खोली देतो. हे बरोबर आहे. कोटपाच्या चौथ्या कलमाने तीस खोल्यांच्या हॉटेलला आणि तीस आसनांच्या उपाहारगृहाला वेगळा धूम्रपान कक्ष ठेवायची मुभा दिली. मोठ्या रिसॉर्टला काचेचा कक्ष परवडतो, आठ टेबलांच्या परमिट रूमला नाही. २०१७च्या दुरुस्तीने त्या कक्षात कसलीही सेवा देण्यास मनाई केली, तरी रात्री तो झाडायला आत जाणारा माणूस कामगारच असतो. अन्याय दूर करायचा तर छोट्याला सूट न देता मोठ्याची सूट काढून घेतली पाहिजे. हे परवान्याच्या अटी कडक करून साधणार नाही. कायद्याने दिलेली मुभा पालिकेला परवान्याच्या अटीतून काढून घेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या हुक्का प्रकरणात २०१४ मध्ये दिलेला आहे. हा अपवाद कायद्यातूनच वगळायला हवा. महाराष्ट्राने मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून हुक्का पार्लरं बंद केली, तेव्हा राज्याला हात बांधलेले आहेत असं म्हणायची सोय नाही.

तोवर कर्जत-खालापूरच्या हॉटेलमालकांनी टेबलावरचे ॲश-ट्रे उचलावेत आणि तक्रार ऐकणाऱ्याचं नाव फलकावर लिहावं. उत्पादन शुल्क आणि पोलीस खात्याने गिऱ्हाइकाची दोनशे रुपयांची पावती फाडून न थांबता मालकाला जबाबदार धरावं. नियमांनी तो अधिकार त्यांना दिलेला आहे. आणि शनिवार-रविवारी इकडे येणाऱ्या पाहुण्यांनी सिगारेट पेटवण्याआधी उठून बाहेर जावं. आत काम करणाऱ्याला ती सोय नाही.