मत चौघांचे, घर पाचांचे

दिवेलागण झालेली असते. सुरूच्या झाडांतून समुद्रावरचा वारा आत येत असतो, वाडीतले शिंपणे आटोपलेले असते आणि देव्हाऱ्यापुढे निरांजन तेवत असते. एडवणच्या अशा एखाद्या घरात सारे कुटुंब दूरचित्रवाणी संचापुढे बसलेले असते. मोबाइलवरचे चित्र मोठ्या पडद्यावर आणण्याची सोय झाल्यापासून कार्यक्रम निवडणे घरातील तरुणांच्या हाती गेले आहे. पडद्यावर इंग्लंडमधले एक कुटुंब ऑस्ट्रेलियातील घरे पाहत फिरते आहे. सून ओटा न्याहाळते, मुलगा पगाराचे आकडे रुपयांत मांडून पाहतो आणि नातवंडांची नजर अंगणातल्या पोहण्याच्या तलावावर खिळते. आजी माळ ओढता ओढता अधूनमधून मान वर करतात. त्यांना भाषा कळत नाही. विषय मात्र कळतो.

बीबीसीचा 'वॉन्टेड डाउन अंडर' हा कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला आणि अनेक वर्षे चालला. त्याची घडण साधी आहे. देश सोडण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबाला ऑस्ट्रेलियात वा न्यूझीलंडमध्ये एक आठवडा नेऊन ठेवायचे. तेथील घरे, नोकऱ्या, शाळा आणि बाजारभाव दाखवायचे. मग मायदेशी राहिलेल्या आईवडिलांनी, आप्तांनी चित्रित करून पाठवलेले निरोप ऐकवायचे आणि शेवटी प्रत्येकाच्या हाती दोन्ही देशांचे ध्वज देऊन मत घ्यायचे. राहायचे की जायचे? लहान मुलेही मत देतात. याच धाटणीच्या असंख्य चित्रफिती आज आपल्याकडील तरुणही तयार करू लागले आहेत. कॅनडातील पहिला हिवाळा, मेलबर्नमधील भाड्याचे घर, जर्मनीतील पहिला पगार असे त्यांचे विषय असतात. त्या घरोघरी आवडीने पाहिल्या जातात.

हा केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्या रहिवाशांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागला. म्हणजे पडद्यावरचे इंग्रज कुटुंब ज्या दारात उभे आहे, त्याच दारात आपली मुलेही रांगेत आहेत. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजारांहून अधिक भारतीयांनी नागरिकत्व सोडले. पुण्या-मुंबईच्या वसाहतींतून सुरू झालेला हा ओघ आता सफाळे स्थानकावरून लोकल पकडणाऱ्या गावांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला आहे.

परदेशी जाणे हे पाप नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्राचे भय शिकवण्याची गरज नसते. ज्या समाजाने एके काळी समुद्रोल्लंघनाला प्रायश्चित्त सांगितले, त्याच समाजाची कन्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. जाण्यापूर्वी तिने बंगालमधील श्रीरामपूर येथे लोकांसमोर उभे राहून आपण का जात आहोत हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही तिची प्रतिज्ञा होती. ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना मातृभूमीच्या ओढीचे ते अजरामर गीत सुचले तेही परदेशातच. परदेशस्थ भारतीयांनी २०२२ मध्ये मायदेशी १११ अब्ज डॉलर पाठवले. एका वर्षात शंभर अब्जांची सीमा ओलांडणारा भारत हा पहिला देश ठरला. ऑस्ट्रेलियात आज सुमारे पावणेतीन टक्के लोक स्वतःची नोंद हिंदू म्हणून करतात. ही मंडळी तेथे मंदिरे उभारतात आणि मुलांना मराठी शिकवतात. त्यांना करंटे म्हणणे अन्यायाचे होईल.

मग खटकते ते काय? खटकतो तो निर्णयाचा मार्ग.

परक्या संस्कृतीचा म्हणून तो इंग्रजी कार्यक्रम नाक मुरडून बंद करणे सोपे आहे. पण त्याच्याकडे नीट पाहिले तर थोडे ओशाळायला होते. तेथे मत देण्यापूर्वी मागे राहणाऱ्या आईचा चेहरा कुटुंबाला पाहावा लागतो. ती काय म्हणते ते ऐकावे लागते. अनेकांचे डोळे भरून येतात, काहींचे मतही बदलते. एकत्र कुटुंबाचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या घरांत काय घडते? दलालाचे पैसे भरले जातात, इंग्रजीची परीक्षा दिली जाते, कागदपत्रांवर शिक्के बसतात आणि सर्वांत शेवटी आजीला सांगितले जाते. तेही 'दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे' असे म्हणून! ज्या माउलीने वाडी राखली आणि नातवंडे वाढवली, तिला मत तर नाहीच, पण पूर्वसूचनाही नाही. पडद्यावर चौघे मत देतात ते त्यांचे घर चौघांचे म्हणून. आपले घर पाचांचे असताना मतदान मात्र आपणही चौघांचेच करू लागलो आहोत.

योगायोग पाहा. तो कार्यक्रम इंग्लंडमध्ये सुरू झाला त्याच २००७ साली आपल्या संसदेला आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला. मातृदेवो भव, पितृदेवो भव म्हणणाऱ्या देशात आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाची पायरी चढण्याची सोय करावी लागली. कायदा पैसे मिळवून देऊ शकतो. रात्री अडीच वाजता छातीत दुखू लागल्यावर उठून पाणी देणारा हात मात्र कोणतेही न्यायाधिकरण देऊ शकत नाही.

जयवंत दळवी यांनी 'संध्याछाया' लिहिले त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेत गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारे नाना आणि नानी पाहून तेव्हाचा प्रेक्षक रडला. पण ते दुःख शहरी, सुखवस्तू घरांचे आहे अशी खेड्यांची समजूत होती. आज ती समजूत उरलेली नाही. २००४ मधील 'स्वदेस' या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण वाईजवळच्या मेणवली येथे झाले. त्याचा नायक लहानपणी आपल्याला सांभाळणाऱ्या कावेरीअम्माला अमेरिकेला न्यायला येतो. पण म्हातारपणी गाव सोडायला ती राजी नसते. तिच्या एका मतामुळे त्याचा निश्चय डळमळू लागतो. ज्याला आपण अडगळ समजतो, ते मत इतके वजनदार असू शकते!

येथे तरुणांची बाजूही ऐकली पाहिजे. येथे काय आहे, हा त्यांचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. वाडीचे तुकडे होत गेले, मासळी पूर्वीसारखी मिळत नाही आणि कारखान्यातली नोकरी अनेकदा कंत्राटी असते. या प्रश्नाला देशभक्तीची व्याख्याने हे उत्तर नव्हे. उत्तर कामातूनच द्यावे लागते, आणि तसे उत्तर याच तालुक्याने एकदा दिले आहे. केंब्रिजहून सुटीवर मायदेशी आलेले डॉ. होमी भाभा १९३९ च्या महायुद्धामुळे येथे अडकले आणि मग येथेच राहिले. त्यांच्या दृष्टीतून उभे राहिलेले तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनासाठी अडवणूक केली, तेव्हा भारतीय अभियंत्यांनीच ते केंद्र चालते ठेवले. ते सारे परदेशी गेले असते तर?

पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या बंदराविषयी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या मनात खोल शंका आहेत आणि त्या झटकून टाकता येणार नाहीत. पण बंदर उभे राहणारच असेल, तर त्यातील कुशल जागांवर एडवण, केळवे, सातपाटीची मुले बसणार की ती मुले परदेशातील गोदामांत पेट्या उचलणार, हा विचार आजच व्हायला हवा. त्यासाठी लागणारे शिक्षण गावाजवळ मिळावे म्हणून झटणे, हे काम शासनाइतकेच समाजाचेही आहे.

आणि घराचे काम? ते अगदी साधे आहे. अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. आजी-आजोबांना मध्ये बसवावे. कशासाठी जायचे, किती वर्षांसाठी, वाडी कोण पाहणार, दुखण्याखुपण्याला कोण धावणार, मुले कोणत्या भाषेत वाढणार, हे प्रश्न त्यांच्यासमोर मांडावेत. उत्तरे पटली तर आजी स्वतःच हातावर दही-साखर ठेवतील. मराठी माणसाची आई इतकी दुबळी कधीच नव्हती. पटली नाहीत, तर थांबण्यातही कमीपणा नाही. आणि मुले गेलीच, तर शेजारच्या घरातील तरुण कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा त्या उंबऱ्यावर जावे, औषधे आणून द्यावीत, घटकाभर बसावे. समाज हे मोठे कुटुंब आहे असे आपण म्हणतो. ते सिद्ध करण्याची जागा हीच आहे.

एडवणच्या त्या घरात कार्यक्रम संपत आलेला असतो. पडद्यावर मतदान होते, ध्वज वर होतात. आजी माळ बाजूला ठेवून विचारतात, "काय ठरलं रे त्यांचं?" नातू सांगतो, "जाणार म्हणतात." आजी क्षणभर थांबतात. "आणि त्यांची आजी काय म्हणाली?"

या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात दिले जाईल, त्या घरातले मूल जगाच्या पाठीवर कोठेही गेले तरी घर मोडणार नाही.